शुल्कवाढीचं पत्रक हातात पडल्यावर: गेटवर बसण्याआधी आणि बसल्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रातल्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात सत्राच्या तोंडावर वाढीव शुल्काचं पत्रक लागलं आहे. वाढ सुमारे पंचवीस टक्के. मुलं ठिय्या द्यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करायची, आणि सरकारी विद्यापीठाच्या विभागात शिकणाऱ्यांना हीच वाट लागू पडते का?

गेटवर बसायला कुणाची हरकत नाही, पण त्याआधी एक कागद शोधा. ही वाढ कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या ठरावानं किंवा आदेशानं मंजूर केली? नोटीस बोर्डावरच्या पत्रकावर प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची सही असते, म्हणून सगळी आंदोलनं त्यांच्याच दारात जाऊन बसतात. बहुतेक वेळा शुल्क ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. ते तुमचं निवेदन हसतमुखानं घेतात, "वरती पाठवतो" म्हणतात आणि पंधरा दिवस निघून जातात. तेवढ्यात शुल्क भरण्याची मुदत संपते, निम्मी मुलं विलंब शुल्काच्या भीतीनं पैसे भरून मोकळी होतात आणि आंदोलनाची हवा जाते.

आधी आपली संस्था कुठल्या खान्यात बसते ते बघा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालय असेल, म्हणजे अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन, विधी, बीएड वगैरे, तर त्याला 2015 चा प्रवेश व शुल्क विनियमन कायदा लागू होतो. त्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण आहे. महाविद्यालय आपले हिशेब आणि प्रस्ताव त्याच्याकडे पाठवतं आणि प्राधिकरण संस्थानिहाय, अभ्यासक्रमनिहाय शुल्क मंजूर करतं. मंजूर आकडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. सरकारी विद्यापीठाचा विभाग असेल तर 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखालची प्राधिकरणं, मुख्यतः व्यवस्थापन परिषद, हा निर्णय घेतात, आणि अर्थसंकल्पाची चर्चा अधिसभेत (सिनेटमध्ये) होते. तिसरा खाना अभिमत (डीम्ड) विद्यापीठांचा. ती शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे तुमच्या हातात मुख्यतः माहितीपुस्तिका, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आणि न्यायालय एवढंच उरतं. तिथल्या मुलांनी ही मर्यादा पहिल्याच दिवशी ओळखून घ्यावी.

हे असं का चालतं, याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. टी. एम. ए. पै फाउंडेशन (2002) आणि पी. ए. इनामदार (2005) या निकालांनी खासगी संस्थांना आपली शुल्करचना ठरवण्याची मोकळीक दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन शुल्काला, म्हणजे प्रवेशासाठी वरून उकळलेल्या पैशांना, मनाई केली. संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक चालेल, त्यापुढे नाही. त्यामुळे "शिक्षणाचा बाजार मांडला" ही घोषणा कितीही खरी असली तरी सुनावणीच्या खोलीत तिचा उपयोग नाही. तिथे "हा खर्च झालेलाच नाही" किंवा "हा खर्च विद्यार्थ्यांच्या माथी मारता येत नाही" एवढंच चालतं.

आता त्या पंचवीस टक्क्यांकडे वळू. एकूण रकमेवरची टक्केवारी हा सर्वांत फसवा आकडा. समजा गेल्या वर्षी शिक्षण शुल्क 92,000 आणि विकास शुल्क 8,000, मिळून एक लाख होतं. यंदा शिक्षण शुल्क 1,05,000, विकास शुल्क 12,000 आणि 'इतर' या नावाखाली 8,000, असे 1,25,000 झाले. खुल्या प्रवर्गातल्या, कुठलीही सवलत नसलेल्या मुलासाठी वाढ पंचवीस टक्के. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळणारा मुलगा गेल्या वर्षी 46,000 अधिक 8,000, म्हणजे 54,000 भरत होता. यंदा तो 52,500 अधिक 20,000, म्हणजे 72,500 भरणार. त्याची वाढ चौतीस टक्क्यांच्या वर गेली. आणि 2024-25 पासून लागू झालेल्या निर्णयानुसार जिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेली, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातली ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी मुलगी, ती गेल्या वर्षी 8,000 भरत होती आणि यंदा 20,000 भरणार. अडीच पट.

हे गणित फळ्यावर मांडून दाखवाच. प्रत्येक वर्गात "मला सवलत आहे, माझा काय संबंध" म्हणणारी मुलं असतात आणि संस्थेची सारी भिस्त त्यांच्यावर असते. वरच्या दोन्ही सवलती शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहेत. विकास शुल्क, जिमखाना, ई-सुविधा, ग्रंथालय, 'इतर' या शीर्षकांना त्या नाहीत. वाढ शिक्षण शुल्कातून काढून किरकोळ शीर्षकांत सरकवली की ती सर्वांत गरीब विद्यार्थ्यावर सर्वांत जड पडते, आणि एकूण टक्केवारीत हे कुठेच दिसत नाही.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं 2019 चं आंदोलन याचं उत्तम उदाहरण आहे. वसतिगृहातल्या एकट्याच्या खोलीचं भाडं महिना 20 रुपयांवरून 600 आणि दोघांच्या खोलीचं 10 वरून 300 करण्याचा प्रस्ताव होता. बातम्यांत हीच 'तीसपट वाढ' गाजली आणि विरोधकांना बोलायला आयती जागा मिळाली: "आजच्या काळात वीस रुपयांत खोली कुठे मिळते?" खरं ओझं दुसऱ्या ओळीत होतं, महिना 1,700 रुपये सेवाशुल्क, जे आधी नव्हतंच. भाड्यातली वाढ वर्षाला 6,960 रुपये, सेवाशुल्क वर्षाला 20,400. नोव्हेंबरात कार्यकारी परिषदेनं अंशतः माघार घेतली, दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी भाडं निम्मं केलं आणि सेवाशुल्काच्या जागी 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' असं लिहिलं. आकडा गेला, आकारणी राहिली. विद्यार्थ्यांनी ही माघार नाकारली, ते बरोबरच होतं. 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' ही कमाल मर्यादा नसलेली आकारणी असते.

तेव्हा पत्रक आल्याच्या पहिल्या दोन दिवसांत एक तक्ता करा. उभ्या रकान्यात प्रत्येक शीर्षक. आडव्या रकान्यांत गेल्या तीन वर्षांच्या पावत्यांवरचा आकडा, यंदाचा आकडा, माहितीपुस्तिकेतला आकडा आणि नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेला आकडा. पावत्या वरच्या वर्गातल्या मुलांकडून मिळतात. पावतीचा फोटो घेताना नाव आणि नोंदणी क्रमांक झाका. प्राधिकरणाच्या आदेशात तो कोणत्या शैक्षणिक वर्षाला, कोणत्या तुकडीला आणि कोणत्या अभ्यासक्रमाला लागू आहे हे नीट वाचा. नव्या तुकडीसाठी मंजूर झालेला आकडा जुन्या तुकडीला बेधडक लावलेला आढळतो, कधी चुकून, कधी ठरवून. वसतिगृह, खानावळ आणि बस यांची रक्कम शिक्षण शुल्काच्याच पावतीत सक्तीनं घुसवलेली असेल तर तो स्वतंत्र मुद्दा करा. परत मिळायची अनामत रक्कम वाढीत धरू नका. संस्था तेवढी एक चूक दाखवून तुमचा सगळा तक्ता खोटा ठरवते.

'दरवर्षी फक्त दहा टक्के' अशी वाढ असेल तर चार वर्षांची बेरीज करून दाखवा. एक लाखापासून सुरुवात केली तर चौथ्या वर्षी 1,33,100 भरावे लागतात आणि चार वर्षांचे चार लाखांऐवजी 4,64,100 होतात. शैक्षणिक कर्ज पहिल्या वर्षीच्या अंदाजावर मंजूर झालेलं असतं. वरचे चौसष्ट हजार घरातून उभे करावे लागतात.

संस्थेची बाजू आधीच ओळखून ठेवा, कारण ती ठरलेली असते: सातवा वेतन आयोग लागू केला, शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडे थकले, काही वर्षं वाढ केली नव्हती. शिष्यवृत्ती थकते हे खरंच आहे आणि त्यात संस्थेची ओढाताणही होते. ते मान्य करा, तुमची विश्वासार्हता वाढते. पण थकबाकी हा रोकड अडण्याचा प्रश्न आहे, खर्च वाढल्याचा नाही. उशिरा येणारे पैसे विद्यार्थ्यांकडून कायमचे वसूल करण्याचं ते कारण होत नाही. वेतनाचा दावा मात्र बारकाईनं तपासा, कारण विनाअनुदानित संस्थेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो.

तो तपासता येतो, आणि कुठल्याही गुप्त कागदाशिवाय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार अभियांत्रिकी पदवीला वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. साठ जागांच्या शाखेत चार वर्षांचे मिळून 240 विद्यार्थी, म्हणजे बारा शिक्षक. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर बंधनकारक माहितीत शिक्षकांची यादी असते. ती शाखेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. यादीत बारा नावं आणि वेळापत्रकात सातच असतील तर उरलेल्या पाचांचा पगार कुठल्या हिशेबात धरला हा प्रश्न लेखी विचारा. तासिका तत्त्वावरचे किती आणि पूर्णवेळ किती हेही विचारा. यादीतले एखादे सर गेल्या वर्षीच नोकरी सोडून गेलेले असतात. मात्र कोणाही शिक्षकाचं नाव पोस्टरवर घेऊ नका. त्यांचा पगार आधीच थकलेला असण्याची शक्यता असते आणि तुम्हाला आतली माहिती देणारेही तेच असतात.

दुसरी तपासण्याची जागा म्हणजे भागाकार. एकूण मान्य खर्चाला विद्यार्थिसंख्येनं भागून माणशी शुल्क निघतं. रिकाम्या राहिलेल्या जागांचा खर्च उरलेल्यांवर टाकला आहे का ते बघा. शंभर जणांसाठी केलेला खर्च साठ जणांत वाटला तर प्रत्येकाचं शुल्क दोन तृतीयांशानं वाढतं, एक पैसा खर्च वाढलेला नसताना.

सरकारी विद्यापीठात हे सगळं माहिती अधिकारात मागता येतं. अर्ज दहा रुपयांचा, कोर्ट फी स्टॅम्प लावूनही चालतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो. शुल्क, रिक्त पदं आणि वसतिगृह एकाच अर्जात कोंबलं की जनमाहिती अधिकारी पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. तीन विषयांचे तीन अर्ज, तीन वेगळ्या मुलांच्या नावानं करा. 'शुल्क का वाढवलं?' असं विचारू नका. 'का' या प्रश्नाला उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक नाही. अस्तित्वात असलेला कागद देणं बंधनकारक आहे. म्हणून असं लिहा: "अमुक परिपत्रकाद्वारे लागू केलेल्या शुल्कवाढीस मंजुरी देणाऱ्या बैठकीची विषयपत्रिका, त्या विषयावरची कार्यालयीन टिप्पणी, इतिवृत्त आणि शुल्क समितीचा अहवाल यांच्या प्रती द्याव्यात." टिप्पणीत खरं कारण सापडतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. त्याला वीस रुपये. खासगी महाविद्यालय स्वतः या कायद्याखाली येत नाही असं सांगेल. वाद घालू नका. त्यांनी जे कागद नियामक प्राधिकरणाला, विद्यापीठाला किंवा तंत्रशिक्षण सहसंचालकांना दिले आहेत ते त्या कार्यालयांकडे मागा. सार्वजनिक प्राधिकरणाला कायद्यानं जी माहिती खासगी संस्थेकडून घेता येते, तीही 'माहिती'च्या व्याख्येत बसते. हे तीस दिवस शुल्काच्या मुदतीआधी संपणार नाहीत हे उघड आहे. तरी अर्ज पहिल्या आठवड्यात टाका. त्याचा उपयोग सुनावणीत आणि पुढच्या वर्षी होतो.

महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका 1994 पासून बंद आहेत. 2016 च्या कायद्यात विद्यार्थी परिषदेची तरतूद असली तरी निवडून आलेला प्रतिनिधी तुमच्याकडे नसतो, आणि "तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. त्यावर उत्तर म्हणजे वर्गनिहाय सह्या. प्रत्येक वर्गाचा वेगळा कागद, मागणीचा मजकूर प्रत्येक पानाच्या वर छापलेला. कोऱ्या पानांवरच्या सह्यांना कोणी विचारत नाही. कृती समितीत प्रत्येक वर्षाचा आणि शाखेचा एक, शिवाय वसतिगृहातला एक, शिष्यवृत्तीधारक एक आणि मुली पुरेशा. शेवटच्या वर्षाची मुलं पुढे ठेवू नका. कॅम्पस मुलाखती, प्रोजेक्टचे गुण आणि शिफारसपत्रं यांमुळे ती सर्वांत आधी दबतात. विद्यार्थी संघटनांची मदत जरूर घ्या, त्यांना पोलीस ठाणं आणि पत्रकार दोन्ही ठाऊक असतात. पण वाटाघाटीच्या खोलीत बसणारी माणसं समितीनं ठरवलेलीच असावीत. झेंड्यांवरून भांडण लागलं की व्यवस्थापन संघटनांना वेगवेगळं बोलावतं आणि प्रत्येकीला वेगळं आश्वासन देतं.

निवेदन एका पानाचं ठेवा. वर दाखवलेल्या उदाहरणावर त्याचा गाभा असा होईल:

"दि. … च्या पत्रकान्वये द्वितीय वर्षासाठी रु. 1,25,000 शुल्क आकारले आहे. शुल्क नियामक प्राधिकरणाने आमच्या तुकडीसाठी मंजूर केलेले शुल्क रु. … आहे. फरक रु. … आहे. (1) सदर फरकाची आकारणी कोणत्या आदेशाने केली त्याची प्रत द्यावी. (2) 'इतर' या शीर्षकाखालील रु. 8,000 चा तपशील द्यावा. (3) निर्णय होईपर्यंत मंजूर दराने शुल्क स्वीकारावे, विलंब शुल्क आकारू नये आणि या कारणास्तव कोणाचेही परीक्षा अर्ज अथवा प्रवेशपत्र अडवू नये. लेखी उत्तर सात दिवसांत मिळावे."

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक निवेदनांतून नेमकी तीच सुटते. ती मान्य झाली की मुदतीचा फास सैल होतो. निवेदन आवक-जावक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं, पोच मिळेल असं पाठवा आणि ईमेलही करा. प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून आलेलं निवेदन पुढे कोणालाच मिळालेलं नसतं.

त्याच आठवड्यात तक्रार निवारण समितीकडे अर्ज द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे मागणं, शिष्यवृत्तीला उशीर आणि पैशांसाठी मूळ कागदपत्रं अडवणं ही त्यात तक्रारीची स्पष्ट कारणं आहेत. समितीनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांत विद्यापीठानं नेमलेल्या लोकपालाकडे अपील, आणि लोकपालानं तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा. माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्याच्या साठ दिवस आधी शुल्काच्या तपशिलासह प्रसिद्ध करायची हेही त्याच विनियमांत आहे. म्हणून तुमच्या प्रवेशाच्या वेळची पुस्तिका जपून ठेवा, आणि संकेतस्थळावरचं पान तारखेसह साठवा. पत्रक वादात सापडलं की जुनं पान एका रात्रीत बदलतं. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाच्या बाबतीत याच कागदांचा संच शुल्क नियामक प्राधिकरणाकडेही पाठवा. मंजूर शुल्कापेक्षा जादा घेतलेली रक्कम परत करायला ते संस्थेला सांगू शकतं.

आता रस्त्यावरचा भाग. वेळ निवडणं निम्मं काम आहे. परीक्षेच्या आठवड्यात कोणी येत नाही, सुट्टीत वसतिगृह रिकामं असतं. संस्थेला सर्वांत अडचणीचे दिवस म्हणजे प्रवेशफेऱ्यांचे, कारण पालक आवारात असतात, किंवा मूल्यांकन समितीच्या भेटीचे. सरकारी विद्यापीठात अधिसभेच्या अर्थसंकल्पी बैठकीचा दिवस. त्याआधी नोंदणीकृत पदवीधर गटातून निवडून आलेल्या अधिसभा सदस्यांना गाठा आणि प्रश्न किंवा ठराव मुदतीत दाखल करायला लावा. आत ठराव आणि बाहेर धरणे, असं जुळलं तर दोन्हीला वजन येतं.

स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा: ठिकाण, वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार नावं. जमावबंदी आहे का ते त्याच वेळी विचारा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खालचे आदेश अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा निघत असतात आणि मुलांना पत्ताही नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163, म्हणजे पूर्वीचं 144, वेगळं. आवारात ठिय्या, लाक्षणिक उपोषण, काळ्या फिती, साखळी उपोषण या गोष्टी चालतात. घेराव टाळा. कुलगुरूंना किंवा प्राचार्यांना खोलीबाहेर पडू न देणं हा कायद्याच्या भाषेत अन्यायकारक परिरोध आहे, आणि एकदा तो गुन्हा नोंदला गेला की सगळी चर्चा शुल्कावरून गुन्हा मागे घेण्यावर सरकते. संस्थेला तेच हवं असतं. टाळे ठोकणं, कार्यालयाच्या काचा, संगणक यांचंही तेच. प्रवेशद्वाराची एक बाजू कायम मोकळी ठेवा, रुग्णवाहिका आणि परीक्षेला जाणारी मुलं यांच्यासाठी, आणि ती मोकळी असल्याचं दर तासाला चित्रीकरण करा.

वर्गांवर बहिष्कार घालायचा असेल तर हजेरीचा हिशेब आधी करा. पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या अटीचं हत्यार संस्था सत्राअखेरीला, आंदोलन विसरलं गेल्यावर, बाहेर काढते. पूर्ण बहिष्कारापेक्षा वेळापत्रकानुसार पाळीपाळीनं बसणं जास्त दिवस टिकतं. आमरण उपोषण शेवटचा पर्याय, आणि तेही डॉक्टरांच्या रोजच्या तपासणीशिवाय नको. ते सुरू केलं की तारीख तुमच्या हातात राहत नाही.

पोलिसांनी उचललं तर बहुधा संध्याकाळी सोडून देतात. अटक असेल तर कारण सांगणं, नातेवाइकांना कळवणं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी मुलींना अटक करायची तर ते अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्यामार्फत आणि दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीनं. एका वकिलाचा क्रमांक प्रत्येकाच्या हातावर पेनानं लिहिलेला असावा, कारण फोन आधी जमा होतो. आणि समितीच्या व्हॉट्सॲप गटात जे लिहाल ते व्यवस्थापनाच्या टेबलावर छापून जाणार असं धरूनच लिहा.

वाटाघाटीला दोघे बोलणारे आणि एक लिहून घेणारा पाठवा. तोंडी आश्वासनावर उठू नका. बैठकीचं इतिवृत्त तिथेच लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. इथे काही शब्द फार जपून वाचायचे असतात. 'स्थगिती' म्हणजे रद्द नव्हे. दक्षिण आफ्रिकेत ऑक्टोबर 2015 मध्ये मोठ्या आंदोलनानंतर पुढच्या वर्षासाठी शून्य टक्के वाढ जाहीर झाली, आणि सप्टेंबर 2016 मध्ये त्यापुढच्या वर्षासाठी आठ टक्क्यांपर्यंतच्या वाढीला मुभा मिळाली. 'टप्प्याटप्प्यानं' हाही सापळा असू शकतो. कॅनडातल्या क्युबेकमध्ये सरकारनं 2012 पासून पाच वर्षांत 1,625 डॉलरची वाढ ठरवली होती. विद्यार्थी संपावर गेल्यावर ती सात वर्षांत विभागण्याचा प्रस्ताव आला. वार्षिक हप्ता कमी झाला, पण एकूण वाढ 1,778 डॉलर झाली. विद्यार्थ्यांनी तो फेटाळला, आणि 2012 च्या सप्टेंबरात सरकार बदलल्यावर ती वाढ रद्द झाली. 'समिती नेमली' असं सांगितलं तर तीन गोष्टी लिहून घ्या: अहवालाची तारीख, समितीतले विद्यार्थी प्रतिनिधी, आणि तोवर जुनाच दर. तिसरी गोष्ट नसेल तर समिती म्हणजे मुदत संपेपर्यंतचा वेळकाढूपणा.

उरला सर्वांत अवघड प्रश्न: तोवर पैसे भरायचे की नाही? 'कोणीच भरू नका' ही घोषणा ऐकायला छान, पण ती मोडते आणि मोडली की उरलेले एकटे पडतात. ज्यांना अजिबात जोखीम परवडत नाही त्यांनी हरकत राखून भरावं. भरण्याच्या दिवशीच ईमेलनं कळवायचं की "सदर रक्कम आक्षेप नोंदवून, निर्णयाच्या अधीन राहून भरत आहे, जादा ठरलेली रक्कम परत मिळण्याचा हक्क राखून ठेवत आहे." ऑनलाइन भरताना शेऱ्याची जागा असेल तर तिथेही लिहा. हे न लिहिता भरलेले पैसे परत मागताना "तेव्हा तर मुकाट्यानं भरले" असं ऐकावं लागतं. बाकीच्यांनी मंजूर दरानं रक्कम भरण्याची तयारी लेखी कळवावी. पोर्टल कमी रक्कम घेत नसेल तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. मंजूर दरानं पैसे द्यायला तयार असलेला विद्यार्थी थकबाकीदार ठरवणं संस्थेला न्यायालयात जड जातं.

उच्च न्यायालयात जायचं ते मुदतीच्या आधी, आणि मागणी पूर्ण वाढ रद्द करण्याइतकीच अंतरिम दिलाशाची ठेवून. जेएनयूच्या प्रकरणात 24 जानेवारी 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं नोंदणी बाकी असलेल्या विद्यार्थ्यांना जुन्या वसतिगृह नियमावलीच्या दरानं, विलंब शुल्काशिवाय नोंदणी करू द्यायला सांगितलं. मूळ वादाचा निकाल लागायला वेळ लागतो, पण तेवढ्यात जाणारं सत्र अशा एका अंतरिम आदेशानं वाचतं. वकिलाकडे जाताना तुमचा शीर्षकनिहाय तक्ता, आवक क्रमांकाचं निवेदन, तक्रार निवारण समितीकडच्या अर्जाची पोच आणि मंजूर शुल्काचा आदेश एवढे चार कागद न्या. आधी दाद मागितल्याचा पुरावा नसेल तर पहिल्याच सुनावणीत "संबंधित प्राधिकरणाकडे जा" असं सांगून परत पाठवलं जाण्याची शक्यता मोठी.

वाढ मागे घेतली गेली तर सुधारित परिपत्रक निघेपर्यंत समिती मोडू नका. त्यात भरलेल्या जादा रकमेचं काय, हे लिहिलेलं हवं: परत, की पुढच्या सत्रात वळती, आणि कोणत्या तारखेपर्यंत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढचं सत्रच नसतं, त्यांच्यासाठी 'परत' हाच शब्द लागतो. तो परिपत्रकात नसेल तर त्याच दिवशी दुरुस्ती मागा.